मागाहूनचें शहाणपण

शेलूबाजार हें नांवाप्रमाणेंच बाजाराचें गांव. सोयाबीन, तूर आणि कापूस यांच्या भावाची चर्चा येथें बारा महिने चालते, आणि क्रिकेटची तेरा महिने. २ मार्च २०२५ रोजीं नागपूर येथें विदर्भाच्या संघानें केरळाविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राखून, पहिल्या डावांतील ३७ धांवांच्या आघाडीवर रणजी करंडक तिसऱ्यांदा मिळविला, त्या संध्याकाळीं आम्ही रस्त्यालगतच्या एका चहाच्या टपरीवर बसलों होतों. तेथील तरुण मंडळी आनंदांत असेल असें आम्हांस वाटलें होतें, व तशी ती होतीहि. परंतु आनंदाचा पहिला भर ओसरतांच बोलणें वळलें तें जिंकलेल्या करंडकाकडे नव्हे, तर आदल्या वर्षीं हुकलेल्या करंडकाकडे.

ती हकीकत थोडक्यांत अशी. मार्च २०२४ मध्यें मुंबईस वानखेडे मैदानावर विदर्भानें नाणेफेक जिंकून प्रथम क्षेत्ररक्षण पत्करिलें. मुंबईचा डाव २२४ धांवांत आटोपला. पण विदर्भाचा डाव अवघ्या १०५ धांवांत कोसळला. पुढें ५३८ धांवांचें डोंगराएवढें लक्ष्य समोर असतां कर्णधार अक्षय वाडकर यानें शतक काढून झुंज दिली; तरीहि १६९ धांवांनीं पराभव पदरीं आला. “तवा टॉस जिकून बॅटिंग घेतली असती, त लागोपाठ दोन करंडक असते,” एक तरुण म्हणाला. “मले तवाच वाटलं होतं,” दुसऱ्यानें पुस्ती जोडली. केरळाच्या कर्णधारानेंहि नाणेफेक जिंकून नेमकें क्षेत्ररक्षणच घेतलें होतें, आणि त्याचाहि करंडक हुकला होता; तेव्हां नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेणें हा महामूर्खपणा होय, असा सिद्धांत चहा निवण्यापूर्वींच मान्य झाला.

बाकाच्या टोकाला एक वयस्क शेतकरी बसले होते. क्रिकेटशीं त्यांचा संबंध बेताचाच दिसला. ते इतकेंच म्हणाले, “पानी आलं त पेरनारा शायना, नाई आलं त येडा. पेरनारा त थोच असते, बापू.”

तरुण हंसले व विषय बदलला. आमच्या मनांतून मात्र तें वाक्य जाईना. ज्या प्रश्नावर आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें व्याख्यानें दिलीं, तो प्रश्न या गृहस्थांनीं एका वाक्यांत मांडला होता. केलेल्या निर्णयाची योग्यता त्याच्या फळावरून ठरवावी काय? हुकलेल्या संधीचा दोष, ती ज्याच्या हातून हुकली त्याच्या माथीं कितपत मारावा?

वऱ्हाडांतील शेतकऱ्यास हा प्रश्न दरवर्षीं जूनमध्यें भेटतो. पहिला पाऊस पडतो, जमीन भिजते. लगेच पेरलें आणि पाऊस लागून राहिला, तर पीक साधतें. पावसानें दडी मारली, तर बियाणें मातींत करपतें आणि दुबार पेरणीचें संकट ओढवतें. शेजारी-शेजारी शेतें असलेले दोघे भाऊ. एकानें पेरलें, एक थांबला. ऑगस्टमध्यें गांव त्यांपैकीं एकास शहाणा म्हणतो व दुसऱ्यास हंसतो. परंतु जूनच्या त्या सकाळीं दोघांच्या डोक्यावर आभाळ एकच होतें, आणि त्या आभाळाच्या मनांत काय आहे हें दोघांपैकीं कोणासहि ठाऊक नव्हतें.

मोठ्या मैदानांवर तरी याहून निराळें काय घडतें? २३ मार्च २००३ रोजीं जोहान्सबर्ग येथें विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत सौरव गांगुली यानें नाणेफेक जिंकून ऑस्ट्रेलियास प्रथम फलंदाजी दिली. खेळपट्टींत ओलावा आहे, आरंभीं चेंडू हलेल, असा त्यामागील हिशेब होता. पहिलें षटक आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननें टाकलें, आणि त्यांतच १५ धांवा गेल्या. रिकी पाँटिंगनें नाबाद १४० धांवा काढल्या, ऑस्ट्रेलियाची धांवसंख्या २ बाद ३५९ झाली, आणि भारत १२५ धांवांनीं हरला. अनुभवी अनिल कुंबळे त्या दिवशीं अकरा जणांत नव्हता. गोलंदाजी कां घेतली आणि कुंबळेला कां बसविलें, हे दोन प्रश्न तेव्हांपासून घरोघर विचारले गेले, आणि ज्यांनीं ते विचारले त्यांतील बहुतेकांना उत्तर नको होतें, आरोपी हवा होता.

वीस वर्षें लोटलीं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं अहमदाबादेस पुन्हां तेच दोन संघ अंतिम सामन्यासाठीं समोरासमोर उभे राहिले. या वेळीं नाणेफेक ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सनें जिंकली, आणि त्यानेंहि प्रथम गोलंदाजीच घेतली. ओळीनें दहा सामने जिंकून आलेला भारतीय संघ २४० धांवांत बाद झाला. ट्रॅव्हिस हेडनें १३७ धांवा काढल्या. ऑस्ट्रेलियानें सहा गडी राखून चषक नेला. निर्णय तोच, परंतु २००३ सालीं तो घोडचूक ठरला आणि २०२३ सालीं अलौकिक दूरदृष्टि. दोन मैदानें व दोन हवामानें वेगळीं होतीं हें खरें; पण हिशेब दोघांनींहि केला होता. एकाचा जुळला व एकाचा फिसकटला, एवढ्यावरून पहिल्यास मूर्ख व दुसऱ्यास द्रष्टा म्हणणें, हा न्याय नव्हे. ही निकालाची पूजा आहे.

या पूजेचा आणखी एक नमुना पहा. २९ जून २०२४ रोजीं बार्बाडोस बेटावरील ब्रिजटाऊन येथें वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालू असतां, रोहित शर्मा यानें पंधरावें षटक अक्षर पटेलच्या हातीं दिलें. त्या एका षटकांत २४ धांवा निघाल्या, आणि दक्षिण आफ्रिकेस ३० चेंडूंत ३० धांवा, एवढेंच काम उरलें. पुढें गोलंदाजांनीं सामना खेंचून आणिला, शेवटच्या षटकांत सूर्यकुमार यादवनें सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा तो झेल घेतला, आणि भारत ७ धांवांनीं जिंकला. आज त्या पंधराव्या षटकाबद्दल रोहितला कोणी जाब विचारीत नाहीं. झेल घेणाराचा पाय दोऱ्यास लागता, तर तेंच षटक पिढ्यान् पिढ्या चघळलें गेलें असतें. म्हणजे कर्णधाराचें शहाणपण दुसऱ्याच्या पायाच्या टांचेवर अवलंबून राहिलें! ज्या गोष्टीवर माणसाची सत्ता नाहीं तिच्यावरून त्याची नैतिक किंमत ठरवावयाची, हें आमच्या बुद्धीस पटत नाहीं.

तत्त्वज्ञांसहि हा पेंच सुटलेला नाहीं. १९७६ सालीं बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगेल या दोघां पंडितांनीं नैतिक दैव या नांवाखालीं त्याची चर्चा केली, ती आजहि चालू आहे. त्यांचा मुद्दा आपल्या परिसरांतील उदाहरणानें सांगतां येईल. शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो. समजा, त्यावर दोन चालक रात्रभर गाडी हांकीत आहेत, दोघांनाहि डुलकी लागली, दोघांच्याहि गाड्या क्षणभर रेघ सोडून गेल्या. एकाच्या पुढें रस्ता मोकळा होता. तो दचकून जागा झाला आणि घरीं जाऊन जेवला. दुसऱ्याच्या पुढें बंद पडलेली एक गाडी उभी होती. दुसऱ्यास आपण अपराधी म्हणतों. पहिल्याचें नांवहि आपणांस कळत नाहीं. वस्तुतः झोपेंत चाक हातीं धरण्याचा दोष दोघांचा सारखाच. फळानें एकाचा दोष उघडा पाडला आणि दुसऱ्याचा झांकला. आम्हांस महत्त्वाची वाटते ती ही झांकलेली बाजू. फळावरून न्याय करणारा मनुष्य निरपराध्यावर अन्याय करतोच, पण त्याहून अधिक वेळां तो अपराध्यास मोकळा सोडतो, आणि अशा मोकळ्या सुटलेल्यांत बहुधा तो स्वतःहि असतो.

येथें वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. फळाचा विचारच करावयाचा नसेल, तर प्रत्येक आळशी कर्णधार, प्रत्येक निष्काळजी वैद्य व प्रत्येक बेफिकीर पालक म्हणेल, “आम्हीं प्रयत्न केला, यश दैवाधीन.” गीतेंतील फलत्यागाच्या उपदेशाची अशी सोईस्कर ओढाताण आपल्याकडे कांहीं थोडी झालेली नाहीं. परंतु फळावरून न्याय करूं नये याचा अर्थ न्यायच करूं नये असा नव्हे. उलट तो अधिक कठोरपणें करावा लागतो. कारण निकालाचा आयता पुरावा बाजूस ठेवून निर्णयाच्या क्षणाकडे पाहावें लागतें. आमच्या मतें त्या क्षणाला तीन प्रश्न विचारावे. जें कळण्यासारखें होतें तें कळून घेण्याचे कष्ट निर्णय करणारानें घेतले होते काय? त्याची दृष्टि अंगीकृत कार्याच्या हितावर होती कीं आपल्या मानापमानावर व पूर्वग्रहावर? आणि निर्णय फसल्यास त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडणार आहे, याचा त्यानें विचार केला होता काय?

या कसोटीला लावून पाहिल्यास जोहान्सबर्गची व वानखेडेची नाणेफेक हे फार तर चुकलेले अंदाज ठरतील. खेळपट्टी पाहिली होती, हेतु जयाचा होता, आणि पराभवाचा पहिला फटका बसणार होता तो खुद्द कर्णधारासच. असा अंदाज चुकला म्हणून हळहळावें, पण दोष देऊं नये. मात्र याच कसोटीला न उतरणारा, कर्णधाराच्याच निवडीचा एक निर्णय आपल्या क्रिकेटच्या इतिहासांत आहे.

पळवणकर बाळू यांचें नांव आज फार थोड्या घरांत ठाऊक असेल. चांभार कुटुंबांत जन्मलेला हा गृहस्थ पुण्यास गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखण्याच्या चाकरीवर होता, आणि साहेबांना सराव मिळावा म्हणून गोलंदाजी करतां करतां हिंदुस्थानांतील पहिल्या प्रतीचा फिरकी गोलंदाज झाला. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत, आणि दर बळीमागें धांवा पडल्या त्या सरासरी पंधराच. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदु संघाची मदार वर्षानुवर्षें त्यांच्या डाव्या हातावर होती. तो चेंडू सहकारी खेळाडू हातांत घेत. पण चहाच्या वेळीं त्याच हाताला मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांतून चहा मिळे. आणि संघाचें कर्णधारपद? तें त्यांस कधींच मिळालें नाहीं. मान दरवर्षीं उच्चवर्णीयांकडेच जाई. १९२० सालीं त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम, जे स्वतः नामांकित फलंदाज होते, ते या अन्यायाच्या निषेधार्थ संघांतून बाहेर पडले. पुढें १९२३ सालीं विठ्ठल यांस कर्णधार केलें गेलें, आणि त्यांच्या नेतृत्वाखालीं हिंदु संघानें स्पर्धा जिंकली.

ही कथा सांगतांना बहुतेक जण शेवटच्या वाक्यावर येऊन थांबतात व म्हणतात, “पहा, विठ्ठल जिंकले, म्हणजे आधींचे निर्णय चुकले होते.” आम्हांस हा युक्तिवाद मान्य नाहीं, किंबहुना तो धोक्याचा वाटतो. विठ्ठल हरले असते तर काय ते निर्णय बरोबर ठरले असते? बाळूंना डावलूनहि हिंदु संघ दरवर्षीं जिंकता, तरी त्या निर्णयांतील अन्याय रतिभरहि कमी झाला नसता. त्याला निकालाची साक्ष लागतच नाहीं. कळण्यासारखें जें होतें तें सर्वांस धडधडीत दिसत होतें. दृष्टि जयावर नसून जातीवर होती. आणि भार सारा ज्याला बोलण्याची सोय नव्हती त्याच्यावर टाकलेला होता. तीनहि प्रश्नांचें उत्तर निर्णयाच्याच दिवशीं तयार होतें. “तो काळच तसा होता,” असेंहि म्हणतात. परंतु विठ्ठल व शिवराम हे त्याच काळांतले होते, आणि त्यांना तें दिसत होतें. काळाला डोळे नसतात, माणसांना असतात.

हुकलेल्या संधींची दोन खातीं वेगळीं मांडावीं असें आमचें म्हणणें तें याचसाठीं. एका खात्यांत चुकलेले अंदाज, दुसऱ्यांत न केलेली विचारपूस आणि जाणूनबुजून केलेला अन्याय. आपण पहिल्या खात्यावर रात्री-रात्री वाद घालतों, कारण त्यांत आपलें कांहीं जात नाहीं. दुसरें खातें उघडावयास आपण कचरतों.

मग हळहळीचें काय करावें? आपल्या चंद्रकांत पंडित यांचें उदाहरण बोलकें आहे. १९९८-९९ च्या हंगामांत ते मध्य प्रदेशाचे कर्णधार असतां बंगळुरास कर्नाटकाविरुद्ध रणजीचा अंतिम सामना झाला. मध्य प्रदेशाकडे पहिल्या डावांत ७५ धांवांची आघाडी होती. सामना अनिर्णित राहता तरी करंडक त्यांचाच होता. पण दुसरा डाव १५० धांवांत आटोपला आणि ९६ धांवांनीं पराभव झाला. पुढें पंडित प्रशिक्षक झाले. विदर्भाला २०१७-१८ व २०१८-१९ असे लागोपाठ दोन करंडक मिळाले ते त्यांच्याच हाताखालीं. आणि जून २०२२ मध्यें, त्याच बंगळुरांत, त्याच मैदानावर, त्यांनीं घडविलेल्या मध्य प्रदेशाच्या संघानें मुंबईस हरवून पहिला रणजी करंडक उचलला. त्या दिवशीं पंडितांच्या डोळ्यांतून वाहिलेलें पाणी अनेकांनीं पाहिलें.

लोक म्हणाले, जुनें ऋण फिटलें. आम्हांस वाटतें, जुनें ऋण असें फिटत नसतें. १९९९ सालच्या त्या अकरा जणांना करंडक मिळाला नाहीं तो नाहींच. विठ्ठल यांच्या कर्णधारपदानें बाळूंचें हुकलेलें कर्णधारपद परत आलें नाहीं. गेलेली संधि ज्याची त्याला परत मिळत नाहीं. हळहळीचा उपयोग एवढाच कीं ती पुढच्या माणसाच्या कामीं यावी. दोष शोधणारी हळहळ मागें पाहत बसते. खरी हळहळ दुसऱ्या कोणाची वाट मोकळी करते.

हें सारें दुसऱ्यांविषयीं लिहिणें सोपें आहे. त्या संध्याकाळीं टपरीवरून उठतांना आम्हांस आमच्याच एका विद्यार्थ्याची आठवण झाली. वीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. मुलगा हुशार होता. पदवी मिळतांच त्याला जवळच्या एका संस्थेंत कारकुनाची जागा चालून आली. तो विचारावयास आला. “कारकुनींत आयुष्य घालवूं नकोस, पुढें शीक, मोठ्या परीक्षेस बस,” असा सल्ला आम्हीं दिला, आणि त्यानें तो ऐकला. परीक्षेंत दोनदां अपयश आलें, वयाची मर्यादा संपली, आणि तो शेतीकडे परतला. त्यानें आम्हांस कधीं एका शब्दानें बोल लावला नाहीं. आम्हीहि मनाची समजूत घालीत आलों कीं सल्ला सद्धेतूनें दिला होता, फळ कोणाच्या हातीं?

आतां आमचेच तीन प्रश्न आम्हांस विचारावयास हवेत. हेतु चांगला होता, हें खरें. पण त्याच्या घरीं शेत किती, खाणारीं तोंडें किती, कर्ज किती, बहिणीचें लग्न व्हावयाचें आहे कीं झालें, यांतलें आम्हीं कांहींएक विचारलें नव्हतें. सल्ला फसला तर दोन-तीन वर्षांचा भार कोण सोसणार, हा विचार आमच्या मनास शिवला नव्हता. कारण तो भार आमच्यावर पडणार नव्हता. महिन्याच्या पहिल्या तारखेस आमचा पगार ठरलेला होता. आमचा दोष तो मुलगा नापास झाला यांत नाहीं; विचारण्यासारखें होतें तें न विचारतां आम्ही बोललों, यांत आहे. तो उत्तीर्ण होऊन मोठा अधिकारी झाला असता, तर हाच सल्ला आम्हीं प्रत्येक निरोपसमारंभांत अभिमानानें सांगितला असता, आणि आमचा दोष जन्मभर झांकलेला राहिला असता. त्याच्या अपयशानें तो उघडा पडला, हेंहि आमच्या लक्षांत यावयास वीस वर्षें लागलीं, आणि एका अनोळखी शेतकऱ्याचें एक वाक्य लागलें.

घरोघरचे आईबाप मुलांच्या शाखा निवडतात, लग्नें ठरवितात, शेत विकून शिकवितात. पुढें डाव साधला तर आपली पाठ थोपटून घेतात. फसला तर मुलाला, सुनेला किंवा नशिबाला दोष देतात. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं निकाल लागण्यापूर्वींच आपला न्याय आपण करून ठेवावा. ज्याच्या आयुष्याचा निर्णय, त्याला विचारलें काय, एवढें जरी त्या वेळीं तपासलें, तरी मागाहूनच्या शहाणपणाची गरज पुष्कळ कमी होईल.

निघतांना आम्हीं त्या शेतकऱ्यांना विचारलें, “तुम्ही पेरतांना काय पाहतां?” ते म्हणाले, “जमिनीतली ओल पायतो, आभाय पायतो, आन घरात दुसऱ्या खेपेचं बियानं हाय का थे पायतो. नसन त थांबतो.”

पुढच्या रविवारीं आम्ही त्या विद्यार्थ्याच्या गांवीं गेलों. वीस वर्षांपूर्वीं जें विचारावयाचें होतें तें तेव्हां विचारलें. त्यानें सारें सांगितलें, हिशेबानें, शांतपणें. मग आपल्या बारावीतल्या मुलीला हांक मारली आणि म्हणाला, “सर, हिला पुढें काय करायचं आहे, तें आधीं तिलाच विचारा.” आम्हीं तिला विचारलें, आणि बराच वेळ आम्ही कांहींहि सल्ला दिला नाहीं.